लाल दोऱ्याचा ब्रश

दाढीचे ब्रश बनवणाऱ्या भिकूमामांना स्वतःला छातीपर्यंत दाढी होती. नवीन माणूस आला की आधी त्यांच्याकडे बघायचा, मग समोरच्या ब्रशांच्या ओळीकडे बघायचा आणि हसायचा. गणू न्हावी मात्र चाळीत आला की त्यांना डिवचल्याशिवाय जायचा नाही.

"मामा, लोकांना ब्रश विकता आणि स्वतः रान वाढवता? माझा डोळा आहे बरं त्याच्यावर. एक दिवस सापडाल माझ्या हाती."

"सापडेन रे. पहिला मान तुझाच."

परवा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला, त्यात आमच्या ह्यांचा जुना ब्रश निघाला. लाकडी मूठ काळी पडली आहे, पण मुठीच्या तोंडाशी गुंडाळलेला लाल दोरा अजून आहे. तो बघितल्यापासून मामा डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बोलून कुणाला सांगायचं म्हटलं तर मला धड सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही तेव्हा ठाकुर्लीला राहायचो. हे पावरहाऊसमध्ये कामाला होते. आमच्या कौलारू चाळीत शेवटची खोली भिकूमामांची. त्या खोलीला लागून मागे पडवी होती, तिथे त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक चूल, एक मोठं पातेलं, पत्रे आणि बसायला गोणपाट. घरात माणसं तीन. भिकूमामा, मामी आणि मामांचे थोरले भाऊ आप्पा. आप्पांची बायको लवकर वारली, पुढे त्यांनी लग्न केलं नाही. मामा-मामींना मूल नव्हतं.

दोघे भाऊ कोकणातून मुंबईला आले, लढाईच्या दिवसांत एका ब्रशच्या कारखान्यात लागले, आणि लढाई संपल्यावर तो बंद झाला तेव्हा हे काम घेऊन ठाकुर्लीला आले. भिकूमामा बनवायचे, आप्पा विकायचे. आप्पांची जीभ मोठी गोड. ठाण्याच्या बाजारात, कल्याणच्या पेठेत ते पिशवी घेऊन फिरायचे आणि दिवेलागणीच्या आत रिकामी पिशवी झटकत यायचे. चाळीच्या तोंडाशी आले की तिथूनच हाक, "भिक्याऽ, चहा टाक!" चहा मामीच टाकायची. पण मोठ्या दिरांनी भावजयीला सरळ काही सांगायचं नाही अशी त्यांच्याकडची रीत होती. मामीसुद्धा आप्पांसमोर कधी उभी राहिली नाही. आप्पांची चाहूल लागली की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा, पदर डोक्यावर यायचा आणि ती दाराआड व्हायची. काही सांगायचंच असलं तर भिंतीकडे बघून म्हणायची, "म्हणावं, पान वाढलंय."

मी लग्न होऊन आले तेव्हा आप्पा असे बोलते होते. मला ते वर्षभरच बघायला मिळालं. एकदा ठाण्याहून आले, चाळीच्या तोंडाशी हाक मारली नाही. पिशवी घेऊन तसेच पडवीपर्यंत आले, म्हणाले, "भिक्या, जरा पाणी..." आणि दारात कोसळले. डावं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा आली तर येईल, चेहऱ्याला शेक द्या, चोळत जा.

त्या आठवड्यात भिकूमामांनी गावच्या भैरीला नवस बोलला. आप्पा परत 'भिक्या' म्हणून हाक मारीपर्यंत वस्तरा लावायचा नाही. ती ही दाढी.

मी दुपारी त्यांच्या पडवीत जाऊन बसू लागले. मामीनेच बोलावलं. म्हणाली, "घरात एकटी काय भिंती बघत बसतेस, ये, चार केस निवड." कामाचा पहिला नियम आप्पांनी घालून दिलेला होता. दारात आलेला केस आधी सोडा घालून उकळायचा, मग हात लावायचा. त्यांच्या मुंबईच्या कारखान्यात एका माणसाला न धुतलेल्या घोड्याच्या केसांमुळे मानेवर काळा फोड आला होता आणि तो गेला होता. म्हणून केस कुठूनही येवो, कितीही स्वच्छ दिसो, आधी पातेल्यात. मग निखाऱ्यांवर पत्रा ठेवून त्यावर पसरून वाळवायचा.

घोड्याचे केस कल्याणच्या टांगेवाल्यांकडून यायचे. डुकराचे केस जुड्या बांधून मुंबईहून यायचे. ती जुडी पडवीच्या वेगळ्या कोपऱ्यात असायची आणि तिला हात लावला की मामा अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नसत, नाहीतर मामीने ठेवू दिलंच नसतं.

मामांनी मला पहिल्या दिवशी एक केस दिला. म्हणाले, "शेंडा कुठला, बूड कुठलं?" मला दोन्हीकडून सारखाच दिसला. ते म्हणाले, "डोळ्याने नाही गं कळत. चिमटीत धर आणि हळू चोळ." मी चोळला, तर तो केस माझ्या बोटांतून एकाच बाजूला सरकत गेला. "सरकतोय त्या बाजूला बूड. आता कधी चुकणार नाहीस." सगळे शेंडे वर, सगळी बुडं खाली, असे केस लावायचे आणि कापायचे ते बुडाकडून. शेंड्याला कात्री लावायची नाही. शेंडा बारीक असतो, मऊ असतो, गालाला लागतो तो शेंडाच. मग मामा ती जुडी लाकडाच्या वाटीत उलटी धरून ठोकून गोल करायचे, दोरा दातांत धरून आवळायचे आणि गरम राळेत बुडवून मुठीत बसवायचे. दोरा दातांत असला म्हणजे ते बोलायचे नाहीत. मामी म्हणायची, "काय विचारायचं ते विचारून घे, आता तासभर तोंड बांधलं."

तयार झालेला ब्रश ते स्वतःच्या मिटलेल्या पापणीवरून फिरवून बघत. गालावर दाढी, मग दुसरं करणार काय! "पापणीला टोचला तर गालाला टोचणार" असं म्हणून टोचणारा ब्रश परत उकलायला घेत. दिवसभर डोळे मिटून ब्रश फिरवणारा हा दाढीवाला माणूस बघून मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर यायचं नाही.

घोड्याच्या केसांच्या ब्रशाला लाल दोरा, डुकराच्या केसांच्या ब्रशाला काळा. गिऱ्हाइकाला नकळत डुकराचा केस गालाला लागू नये म्हणून ही खूण. आप्पा धडधाकट होते तोवर कोणी विचारलं, "कशाचा हो?" की ते म्हणायचे, "अहो, विलायती तऱ्हा आहे!" आणि वेळ मारून न्यायचे. भिकूमामांना ते जमायचं नाही. आप्पा पडल्यावर विकायचं कामही त्यांच्याकडे आलं. एकदा डोंबिवलीचे एक पेन्शनर मास्तर कुणाच्या तरी ओळखीने पडवीत आले. त्यांनी एक ब्रश उचलला, हाताच्या पाठीवर फिरवला, फार खूश झाले.

"वा! कशाचा म्हणायचा हा?"

"डुकराचा, मास्तर."

मास्तरांनी ब्रश असा टाकला जसा काही निखाराच. "अहो, मग आधी सांगायचं नाही का!"

"काळा दोरा आहे ना त्याला."

"मला काय ठाऊक तुमचे दोरे!" मास्तर म्हणाले, आणि नळ कुठे आहे ते विचारून हात धुऊन गेले. मामी आतून म्हणाली, "घोड्याचा आहे म्हणायचं होतंत. मास्तर काय डुकराला विचारायला जाणार होते?" मामा म्हणाले, "घोड्याचा दाखवणारच होतो, ते थांबलेच नाहीत."

रविवारी सकाळी मामा आप्पांची दाढी करायचे. गणू फुकट करायला तयार होता, पण मामांनी ते कुणाला करू दिलं नाही. आप्पांना ओटीवर भिंतीला टेकवून बसवायचे, गळ्याला पंचा बांधायचे. चांगलं कढत पाणी पितळेच्या वाटीत घेऊन त्यात लाल दोऱ्याचा ब्रश बराच वेळ बुडवून ठेवायचे. "केस पाणी पितो," ते मला म्हणाले होते. "पाण्याबरोबर ऊबही पितो. मग ती हळूहळू सोडतो." तो ऊन ब्रश ते आप्पांच्या डाव्या गालावर, म्हणजे मेलेल्या बाजूवर, गोल गोल फिरवायचे. दाढीला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ. फेस सुकत आला की परत बुडवायचे, परत फिरवायचे. डॉक्टरांनी शेक सांगितला होता, तो हा. फिरवताना त्यांचं लक्ष आप्पांच्या ओठांवर असायचं. वस्तरा मग दोन मिनिटांचं काम. शेवटी आप्पांचा लहान आरसा त्यांच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघ, झालास नवरदेव." आप्पा आरशात बघायचे. बोलायचे नाहीत.

असे किती रविवार गेले कोण जाणे.

मग नायलॉन आलं. आधी ऐकायला आलं, मग ठाण्याच्या दुकानांत काचेआड दिसायला लागलं. पांढरेशुभ्र ब्रश, रंगीत मुठी. डुकराचं नाही, घोड्याचं नाही, कुठल्याच जनावराचं नाही. ते डोंबिवलीचे मास्तर एकदा ठाकुर्लीला कुणाकडे आले होते, तेव्हा मुद्दाम पडवीत डोकावून सांगून गेले, "नायलॉनचा घेतला हो मी. सोवळ्यात चालेल इतका स्वच्छ!" मामांनी त्यांना पाट दिला, चहा दिला.

ठाण्याचे जे शेट मामांचा माल घ्यायचे, ते एक दिवस स्वतः आले. पिशवीतून पांढऱ्या तारांसारख्या नायलॉनच्या केसांची पुडकी काढली. "भिकू, हे घे. मूठ तुझी, हात तुझा, केस हे. जितके करशील तितके उचलतो. तुझा घोडा आता कोणी घेत नाही बघ."

मामीला फार आनंद झाला. त्या रात्री तिने शिरा केला. दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले तर चुलीवर पातेलं चढलेलं होतं आणि मामांनी नायलॉनचं पहिलं पुडकं सोडा घालून उकळायला टाकलं होतं. आम्हा कुणाच्याही मनात काही वावगं आलं नाही. दारात आलेला केस आधी उकळायचा, हे आप्पांचं सांगणं. उकळून झालं, तोवर काही बिघडलं नव्हतं. मग मामांनी नेहमीसारखा निखाऱ्यांवर पत्रा ठेवला आणि केस त्यावर पसरले. थोड्या वेळात ते पांढरे केस आळसावल्यासारखे वाकले, आक्रसले, एकमेकांना चिकटले. मामांनी हाताने सोडवायला घेतले तर बोटांना चटका बसला. पुडक्याची एक खडबडीत वडी झाली पत्र्याला चिकटून.

मामांनी ती वडी खरवडून काढली. म्हणाले, "केस जळला तर राख होते. ह्याची राखसुद्धा होत नाही गं."

शेट आले तेव्हा मामांनी लपवलं नाही, वडी त्यांच्यापुढे ठेवली. शेट पोट धरून हसले. "अरे, भाजी केलीस काय रे नायलॉनची? मीठ घातलंस का? वहिनी, पान वाढा!" मग हसणं थांबलं. "बाकीची पुडकी तरी नीट कर बाबा. हे उकळायचं नसतं, धुवायचं नसतं. फक्त बांधायचं आणि चिकटवायचं."

मामांनी बाकीच्या पुडक्यातून एक ब्रश केला. केस चिमटीत धरून चोळला, तो कुठेच सरकला नाही. दोन्हीकडे सारखाच. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काम संपलं, कुसुम." ते खरंच होतं. शेंडा-बूड नाही म्हटल्यावर निवडायचं काय? ब्रश झाल्यावर पापणीवरून फिरवला. मामीने दारातून विचारलं, "कसा आहे?"

"चांगला आहे. झडणार नाही. वास नाही. ओला ठेवला तरी कुजणार नाही, वाऱ्यावर ठेवला की लगेच वाळेल. आपला ब्रश पहिला आठवडाभर केस गाळतो, हा एक गाळणार नाही."

"मग?"

"जरा टोचतो. आपलाही नवा असताना टोचतो, पण वापरून मऊ होतो. हा आज आहे तसाच राहील."

"राहू दे की! घेणाऱ्याला चालतंय ना?"

मामा म्हणाले, "रविवारी आप्पाला लावून बघतो."

त्या रविवारी मी ओटीच्या कडेला भांडी घासत होते. मामांनी नेहमीसारखं कढत पाणी घेतलं, नायलॉनचा ब्रश बुडवला, बराच वेळ ठेवला. बाहेर काढला तसं सगळं पाणी ठिबकत खाली गेलं. ब्रश गालाला लावला, फिरवला. नायलॉनचे केस ताठ, ते वाकून सुटले की फेसाचे शिंतोडे उडत होते. आणि तेवढ्यात आप्पांचा उजवा हात उठला. इतके दिवस मांडीवर पडून असलेला तो हात उठला आणि त्याने मामांचा ब्रशवाला हात बाजूला सारला.

मामा उभेच राहिले. "कळलं!" ते ओरडले, "अगं, कळलं त्याला! बघितलंस ना कुसुम? त्याला कळलं, हा आपला ब्रश नव्हे!"

मामी दाराआडून, भिंतीकडे बघत म्हणाली, "डोळ्यात फेस उडाला असेल. म्हणून हात उचलला."

मामांनी खाली वाकून बघितलं. आप्पांचा उजवा डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं. मामांनी पंच्याच्या टोकाने तो पुसला.

"असेल," ते म्हणाले. मग लाल दोऱ्याचा ब्रश पाण्यात घातला आणि दाढी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी उरलेली पुडकी ते ठाण्याला परत देऊन आले. त्या दिवशी मामीचा आवाज पहिल्यांदा चाळीत ऐकू गेला. "उजवा हात त्यांचा आधीपासून हलतो! डॉक्टरांनीच सांगितलं होतं की नाही? त्या हाताने आपली चूल पेटणार आहे का?" मला वाटतं, डोळ्यात फेस उडाला हे मामांनाही दिसलं होतं. पण आप्पांनी त्यांना काही तरी सांगितल्यासारखं इतक्या दिवसांत ते एकदाच झालं होतं. त्यांना ते खोटं ठरवायचं नव्हतं.

शेटनी पुढे माल घेतला नाही. पडवीतली चूल थंड झाली. मामा पावरहाऊसच्या कोळशावर रोजंदारीला जाऊ लागले. संध्याकाळी यायचे तेव्हा दाढीत कोळशाची पूड असायची. हे म्हणायचे, "मामांची पाठ वाकली गं." रविवारी मात्र अंघोळ करून वाटी घेऊन ओटीवर बसलेले असायचेच.

आप्पांचा ब्रश झिजत आला तेव्हा मामांनी नवा करायला घेतला. घोड्याचे थोडे केस जपून ठेवलेले होते. मी मदतीला बसले. मामांनी एक केस चिमटीत धरला, चोळला. पुन्हा चोळला. मग तो माझ्या हातात दिला.

"बघ गं, शेंडा कुठला? माझ्या बोटांना कळत नाही आता."

कोळशाने त्यांची बोटं राठ झाली होती. मी एकेक केस चोळून त्यांना देत गेले आणि ते लावत गेले.

तो ब्रश आप्पांना दोन-तीन रविवारच लागला. एका पहाटे मामी आमच्या दाराशी आली. डोक्यावरून पदर होता आणि ती नुसती उभी होती. मी काय ते समजले. आप्पा झोपेतच गेले. काही न बोलता.

दहाव्याला मामा, हे आणि चाळीतले दोघे खाडीवर गेले. तिथलं मला ह्यांनी सांगितलं. गणू आला होता. त्याने आपल्या पेटीतून नवा नायलॉनचा ब्रश काढला, मामांची दाढी बघितली आणि तो परत पेटीत ठेवला. वर्षानुवर्षं मागितलेली दाढी समोर होती, पण कात्री धरायला त्याचा हात धजेना. मामाच म्हणाले, "घे रे. तुझाच मान म्हटलं होतं ना?" आणि धोतराच्या कनवटीतून आप्पांचा लाल दोऱ्याचा ब्रश काढून त्याच्या हातात दिला. गणूने दाढी केली आणि करता करता रडला.

दुपारी ते परत आले तेव्हा मी मामीजवळ बसले होते. दारात सावली पडली म्हणून दोघींनी वर बघितलं. इतक्या वर्षांत मी भिकूमामांचा दाढीमागचा चेहरा विसरूनच गेले होते. आप्पांचाच जबडा, हनुवटीवर तीच खळी, वरचा ओठ तसाच आखूड. मामीचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला आणि ती उठून दाराआड झाली.

मामा उंबऱ्यातच थांबले. त्यांना कळलं. म्हणाले, "अगं, मी आहे." मामी तिथून लवकर बाहेर आली नाही.

महिन्याभरातच त्यांनी खोली सोडली आणि ती दोघं गावी गेली. जाताना आमच्या ह्यांना एक ब्रश देऊन गेले, तो हा डब्यातला. पुढे त्यांची माझी भेट झाली नाही. मला आठवतात ते मात्र जाण्याआधीच्या एका रविवारचे.

नवस राहिला नव्हता. मामांना आता इतरांसारखी स्वतःची दाढी करायची होती. ते ओटीवर आप्पा बसायचे त्याच जागी भिंतीला टेकून बसले होते. पितळेच्या वाटीतून वाफ येत होती. ब्रश भिजवून त्यांनी डाव्या गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला, बराच वेळ. मग दुसऱ्या हाताने आप्पांचा आरसा उचलून तोंडासमोर धरला. मी समोर तांदूळ निवडत होते. त्यांचे ओठ हलले. आप्पांच्या त्या हाकेसारखा एवढासा शब्द असावा, माझ्यापर्यंत आला नाही.

मामीने आतून विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही," मामा म्हणाले, आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.